बिल देणारा आणि बिल घेणारा

वाशीम तालुक्यात कळंबा महाली नावाचे गाव आहे. देशभरातल्या वकिलांना हे गाव ठाऊक आहे ते सर्वोच्च न्यायालयाच्या १९ सप्टेंबर २०१८ च्या निकालामुळे. २०१५ साली तिथे ग्रामपंचायतीवर निवडून आलेल्या एका महिला सदस्याविरुद्ध तक्रार झाली. तिच्या पतीने आणि सासऱ्याने सरकारी जमिनीवर अतिक्रमण केले आहे आणि ती त्यांच्याच घरात राहते, असे त्या तक्रारीत म्हटले होते. प्रकरण वाशीमच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून अमरावतीच्या अपर आयुक्तांकडे गेले, तिथून नागपूर खंडपीठात आणि शेवटी दिल्लीत. सदस्याचे म्हणणे होते की अतिक्रमण मी केलेले नाही, ते घरच्यांनी केले, मग पद माझे का जावे?

हा प्रश्न वरवर पाहता रास्त वाटतो. या निकालाआधी वर्षभराच्या आतच सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी एका प्रकरणात तो मान्य केला होता. ज्याने स्वतः अतिक्रमण केले तोच अपात्र, घरच्यांच्या कृत्याची शिक्षा सदस्याला नको, असे २०१७ च्या त्या निकालात म्हटले होते. कळंबा महालीच्या प्रकरणात सरन्यायाधीश दीपक मिश्रा, न्या. अजय खानविलकर आणि न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने तो अर्थ नाकारला. अतिक्रमण मूळ कोणी केले एवढेच पाहून चालणार नाही. त्या जागेवर राहून त्याचा लाभ घेत राहणारा सदस्यही अपात्रच, असे त्यांनी ठरवले. सदस्याचे अपील फेटाळले गेले.

या निकालामागचा विचार थोडक्यात सांगता येतो. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ नुसार गावातले रस्ते आणि मोकळ्या जागा यांवरचे अतिक्रमण काढण्याचा अधिकार पंचायतीला आहे. गावठाणाला लागून असलेल्या जमिनीवर, ज्याला आपल्या वऱ्हाडात सगळे ‘ई-क्लास’ म्हणतात त्या जमिनीवर, कोणी पत्रे ठोकले तर ठराव घ्यायचा, तहसीलला कळवायचे, पाठपुरावा करायचा, ही कामे सदस्यांनी करायची असतात. ज्याचे स्वतःचेच घर त्या जागेवर उभे आहे, तो हा ठराव मांडणार कसा? आणि दुसऱ्याने मांडला तर तो हात वर करणार कसा? उच्च न्यायालयाने अशाच प्रकरणांत ‘हितसंबंधांचा संघर्ष’ हा शब्द वापरला आहे, आणि मला वाटते भ्रष्टाचाराची चर्चा आपण याच शब्दापासून सुरू करायला हवी.

आपण ती सुरू करतो लाचेपासून. कोणी पाकीट घेताना सापडला, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने सापळा रचला, नोटांना पावडर लावली होती, हात गुलाबी झाले. ही बातमी सर्वांना समजते. पण लाचेला निदान दोन माणसे लागतात, एक देणारा आणि एक घेणारा, आणि त्यातला एक दुखावला तर तक्रार होते. काम मंजूर करणारा आणि काम करणारा माणूस एकच असेल, बिलावर सही करणारा आणि बिल उचलणारा एकाच घरातला असेल, तर पाकिटाची गरजच उरत नाही. तक्रार करायला दुसरी बाजूच नसते. पैसा चेकने जातो, जीएसटी कापला जातो, कागद पूर्ण असतो. रस्ता मात्र पहिल्याच पावसाळ्यात उखडतो.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके, पाचशेच्या आसपास ग्रामपंचायती, उद्योग फारसे नाहीत. २०१८ मध्ये केंद्राने देशातले जे मागास जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले, त्यात महाराष्ट्रातले चार होते आणि वाशीम त्यांतला एक. सोयाबीनचा भाव पडला की सगळ्या बाजारपेठा मंदावतात अशा या जिल्ह्यात गावात येणारा सरकारी निधी ही फार मोठी गोष्ट आहे. वित्त आयोगाचा निधी, जिल्हा परिषदेच्या योजना, रोजगार हमीची कामे, दलित वस्ती सुधारणा, आमदार-खासदार निधी, हा पैसा गावात येतो तेव्हा शेतीबाहेरचा तो बहुधा सगळ्यात मोठा धंदा असतो. त्यामुळे निवडून येणाऱ्याला ठेकेदार व्हावेसे वाटते आणि ठेकेदाराला निवडून यावेसे वाटते. हे फक्त वाशीमचे दुखणे नाही, पण जिथे दुसरा धंदा कमी तिथे त्याची ओढ जास्त.

कायदा याबाबत गप्प आहे असे मात्र नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चे कलम १४ (१) (ग) स्पष्ट सांगते की, पंचायतीच्या आदेशाने होणाऱ्या कोणत्याही कामात किंवा पंचायतीशी केलेल्या कोणत्याही करारात ज्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्वतःचा वा आपल्या भागीदारामार्फत, काही हिस्सा वा हितसंबंध आहे, तो सदस्य होऊ शकत नाही आणि राहू शकत नाही. सरपंचही त्यातच आला. १९६१ च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमाच्या कलम १६ मध्ये हीच अट आहे. नगरपालिकांच्या १९६५ च्या कायद्यातही ती आहे.

या शब्दांची वंशावळ मोठी आहे. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यात जवळपास हीच वाक्यरचना सापडते. ती तिथे आली इंग्लंडच्या १८८२ च्या नगरपालिका कायद्यातून. म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळात मँचेस्टर-बर्मिंगहॅमच्या नगरसेवकांनी आपल्याच नगरपालिकेला कोळसा आणि दगड विकू नयेत म्हणून लिहिलेली अट आज रिसोड तालुक्यातल्या सात सदस्यांच्या ग्रामपंचायतीला लागू आहे. त्या इंग्रजी शहरात धंद्यातला जवळचा माणूस म्हणजे पेढीतला भागीदार, म्हणून कायद्याने ‘स्वतः किंवा भागीदार’ एवढेच लिहिले. आपल्याकडे धंदा भागीदारीच्या दस्तावर चालत नाही, तो घरावर चालतो. सातबारा वडिलांच्या नावे, ट्रॅक्टर भावाच्या नावे, ठेकेदारीचे रजिस्ट्रेशन मेहुण्याच्या नावे, सिमेंटचे दुकान वहिनीच्या नावे, आणि रात्री सगळ्यांचे ताट एकाच स्वयंपाकघरातून वाढले जाते. कायद्याला भागीदार दिसतो, भाऊ दिसत नाही.

न्यायालयांना या फटीशी वर्षानुवर्षे झुंजावे लागले आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या जुन्या नगरपालिका कायद्याखालचा एक खटला १९६० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मुलगा नगरपालिकेच्या नोकरीत आणि वडील नगरपालिकेच्या निवडणुकीत, असा पेच होता. न्यायालयाने म्हटले की नुसते नाते पुरेसे नाही. त्या करारात वडिलांचा स्वतःचा हितसंबंध आहे हे दाखवावे लागेल. नोकरीच्या बाबतीत हे योग्यच म्हणावे लागेल. मुलगा शिपाई आहे म्हणून बापाचा निवडणुकीचा हक्क काढून घेणे अन्यायाचे होईल. पण हेच तत्त्व ठेकेदारीला लावले की भिंतीत दार पडते. नंतर जानेवारी २०१२ मध्ये गोव्यातल्या एका पंचायत सदस्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वेगळी वाट काढली. पती पंचायतीची कामे घेणारा ठेकेदार, पत्नी त्याच पंचायतीची सदस्य. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो आणि त्यानुसार लग्नानंतर नवरा-बायकोची मिळकत, वेगळा करार नसेल तर, सामाईक असते. म्हणून पतीच्या नफ्यात पत्नीचा हिस्सा आहेच, असे मानून न्यायालयाने तिला अपात्र ठरवले.

मांडवीकाठच्या पत्नीला जो नियम लागला, तो पैनगंगेच्या काठी आपोआप लागत नाही, कारण आपल्याकडे पती-पत्नीची मिळकत कायद्याने सामाईक नाही. इथे तक्रारदाराला प्रत्येक वेळी पुराव्यानिशी दाखवावे लागते की नवऱ्याच्या वा भावाच्या ठेक्यात सदस्याचा खरोखर वाटा आहे. हा पुरावा कुठून आणायचा? घरातला हिशेब घराबाहेर येत नाही.

आता प्रत्यक्ष काम कसे पार पडते ते पाहू. गावातल्या एका गल्लीत साठ-सत्तर मीटर सिमेंट रस्ता करायचा आहे. ग्रामसभेत आराखडा होतो, शाखा अभियंता अंदाजपत्रक तयार करतो, तांत्रिक मान्यता मिळते, मग प्रशासकीय. रक्कम ठराविक मर्यादेच्या वर असेल तर ई-निविदा काढावी लागते. खाली असेल तर दरपत्रकांवर भागते, म्हणजे तीन पुरवठादारांकडून ‘कोटेशन’ घ्यायचे आणि सगळ्यात कमी दराचे मंजूर करायचे. म्हणून काम त्या मर्यादेच्या आत बसावे यासाठी एका रस्त्याचे दोन तुकडे केले जातात. मारुतीच्या देवळापासून पाण्याच्या टाकीपर्यंत एक काम, टाकीपासून शाळेपर्यंत दुसरे. अशा फायलीतली तीन दरपत्रके शेजारी शेजारी ठेवून बघावीत. तिन्ही लेटरहेड वेगळी, पण टाइप एकाच केंद्रावर झालेला, तारीख एकच, आणि एका पत्रात ‘खडी’चे स्पेलिंग चुकले असेल तर तेच उरलेल्या दोन पत्रांतही चुकलेले. त्यांतला सगळ्यात कमी दर असतो सरपंचाच्या चुलतभावाच्या नावे असलेल्या ट्रेडर्सचा.

पुढे काम होते. अभियंता मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, लांबी-रुंदी-जाडी नोंदवतो. जाडी नेमकी किती भरली हे सिमेंट सुकल्यावर खोदल्याशिवाय कळत नाही. मग सरपंच आणि ग्रामसेवक, ज्यांना २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, या दोघांच्या डिजिटल सह्यांनी पैसे थेट पुरवठादाराच्या खात्यात जातात. ही दोन सह्यांची व्यवस्था मुद्दाम केलेली आहे: एक लोकांनी निवडलेला, दुसरा शासनाचा नोकर, दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवावे. पण सरपंचाला ज्या दिवशी स्वतःच्याच घरच्या बिलावर सही करायची असते, त्या दिवशी दुसऱ्या सहीवर सगळा भार येतो. बदलीची भीती असलेला, तीन गावांचा अतिरिक्त कार्यभार वाहणारा तो कर्मचारी किती दिवस नाही म्हणणार? मला या व्यवस्थेत सर्वांत एकटा पडलेला माणूस तोच दिसतो.

रोजगार हमीच्या कामात ठेकेदाराला कायद्यानेच बंदी आहे. तरी तिथेही एक खिडकी आहे. खर्चाची विभागणी मजुरी किमान साठ टक्के आणि साहित्य-कुशल काम चाळीस टक्क्यांपर्यंत अशी. विहीर, गोठा, पाणंद रस्ता यांच्या चाळीस टक्क्यांच्या हिश्शात सिमेंट, गिट्टी, लोखंड येते आणि ते पुरवणारा ‘व्हेंडर’ लागतो. ठेकेदार दारातून बाहेर काढला आणि व्हेंडर म्हणून खिडकीतून आत आला. जिल्हा परिषदेच्या पातळीवर कामांचे वाटप सुशिक्षित बेरोजगार अभियंते ३३ टक्के, मजूर सहकारी संस्था ३३ टक्के आणि खुल्या निविदेने ३४ टक्के असे ठरलेले आहे. हेतू चांगलाच होता: गावातल्या पोरांना काम मिळावे, मजुरांची स्वतःची संस्था उभी राहावी. पण मजूर संस्थेचा अध्यक्ष कोण, सभासद मजूर खरेच मजूर आहेत का, हे कोणी फारसे तपासत नाही. शिवाय जिल्हा परिषद कायदा सहकारी संस्थेतल्या किंवा कंपनीतल्या निव्वळ भागधारकाला अपात्र मानत नाही. म्हणजे जी अट दारावर लावली, तिचीच चावी शेजारी टांगली.

हे सगळे गावच्या पातळीवरचे झाले. पण मला ज्या गोष्टीबद्दल मनापासून बोलायचे आहे ती वेगळी आहे: आपल्याकडे पद जितके लहान, तितका हितसंबंधांचा कायदा कडक, पद वाढत गेले की तो सैल होत जातो.

हे नेहमीच असे नव्हते, आणि त्याचा दाखला आपल्या विदर्भातच आहे. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा लोकसभा मतदारसंघातून चतुर्भुज जसानी निवडून आले. ते मूलजी सिक्का अँड कंपनी या विडी कारखानदारांच्या पेढीचे भागीदार होते, आणि ही पेढी सैनिकांच्या कँटीनसाठी सरकारला विड्या पुरवत होती. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात तेव्हा अट अशी होती की सरकारला माल पुरवण्याच्या करारात ज्याचा काही हिस्सा आहे, तो उमेदवार होऊ शकत नाही. फेब्रुवारी १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जसानींना अपात्र ठरवले. निकाल लिहिला न्या. विवियन बोस यांनी, जे आधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. करार सरकारी नमुन्यात लिहिलेला नव्हता हा बचावही त्यांनी मानला नाही. व्यवहार झाला ना, मग हितसंबंध आहे. त्याच खटल्यात आणखीही एक मुद्दा होता, महानुभाव पंथ स्वीकारलेल्या एका महार उमेदवाराचा अर्ज चुकीने नाकारला गेल्याचा. भंडाऱ्याची ती निवडणूक रद्द झाली आणि मे १९५४ मध्ये पोटनिवडणूक लागली. मतदारसंघात तेव्हा दोन जागा होत्या: सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले, आणि राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते व पराभूत झाले. बाबासाहेबांच्या भंडाऱ्यातल्या पराभवाबद्दल आपण पुष्कळ वाचतो. ज्या खटल्याने ती पोटनिवडणूक आणली त्यात सरकारला विकलेल्या विड्यांचा मुद्दा होता, हे सहसा सांगितले जात नाही.

त्यानंतर संसदेने ही अट सैल केली. १९६६ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ९-अ आहे. त्यानुसार आमदार-खासदार अपात्र ठरतो तो फक्त स्वतःच्या धंद्यात, संबंधित सरकारशी, माल पुरवण्याचा किंवा बांधकामाचा करार चालू असेल तर. ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष’ हे शब्द त्यात नाहीत. काम पूर्ण झाले आणि फक्त बिल थकले असेल तर करार संपला असे मानले जाते. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी ही कायद्याच्या नजरेत स्वतंत्र व्यक्ती, त्यामुळे तिचा करार म्हणजे तिच्या मालकाचा करार ठरत नाही. दोन लाखांच्या नालीत चुलतभावाचे नाव आले तर सरपंच जिल्हाधिकाऱ्यांसमोर उभा राहतो. आमदाराच्या कुटुंबाच्या कंपनीने शेकडो कोटींचा कालवा घेतला तर बहुतेक वेळा ९-अ त्याला स्पर्शही करत नाही. मंत्र्यांसाठी केंद्राने केलेली आचारसंहिता आहे. मंत्र्याने धंद्याच्या व्यवस्थापनातून बाजूला व्हावे, असे ती सांगते. मोडली तर शिक्षा करणारे कलम मात्र तिच्यात नाही. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे: संचालकपद, नियमित मोबदल्याचे काम, कंपनीतला नियंत्रक हिस्सा, सल्लागारी, व्यवसाय अशा पाच गोष्टी त्यात लिहायच्या असतात. लोकसभेत तशी नोंदवही नाही.

लोकप्रतिनिधीचा हितसंबंध नेहमी कंपनीतच असतो असेही नाही. महाराष्ट्राने हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच पाहिले. मुख्यमंत्री बॅ. ए. आर. अंतुले यांनी स्थापलेल्या इंदिरा प्रतिभा प्रतिष्ठानला बांधकाम व्यावसायिकांकडून देणग्या मिळत होत्या, आणि सिमेंट तेव्हा सरकारी कोट्यातून मिळे. मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ रोजी देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांचा संबंध जोडणारा निकाल दिला आणि अंतुलेंनी राजीनामा दिला. पुढे फौजदारी खटला अनेक वर्षे चालला आणि ते अखेर निर्दोष सुटले. फौजदारी गुन्हा सिद्ध झाला नाही, पण ज्याच्या हातात कोटा, त्याच्याच संस्थेला देणगी ही रचना चुकीचीच होती. लाच सिद्ध होण्याची वाट न पाहता ही रचनाच थांबवणारा नियम हवा, हे त्या प्रकरणातून शिकता आले असते.

वाशीमकरांना यावरून ऑगस्ट २०२१ आठवेल. सक्तवसुली संचालनालयाने तत्कालीन खासदार भावना गवळी यांच्याशी संबंधित संस्थांवर जिल्ह्यात छापे टाकले. सार्वजनिक संस्थेचा आणि सहकारी कारखान्याचा पैसा खासगी कंपनीकडे वळवल्याचे आरोप होते. गवळी यांनी ते फेटाळले, आणि आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे हे इथे ठामपणे लिहिले पाहिजे. मला या घटनेतली कोण खरे कोण खोटे ही बाजू मांडायची नाही. लोकप्रतिनिधी, विश्वस्त संस्था, सहकारी कारखाना आणि खासगी कंपनी यांच्यातले व्यवहार आधीच उघड नोंदवलेले असते, तर खरे-खोटे त्याच दिवशी कागदावर दिसले असते. ते बंधन नसल्यामुळे सगळे मनी लाँडरिंगच्या कायद्यावर आणि तपास यंत्रणेच्या वेळापत्रकावर सोडावे लागते, आणि मग प्रत्येक छाप्याकडे लोक राजकारणाच्याच चष्म्यातून पाहतात. निर्दोष माणसालाही यात न्याय मिळत नाही.

खासदार निधीच्या मार्गदर्शक सूचनांत मात्र एक चांगला नियम आहे. खासदार किंवा त्याचे कुटुंबीय ज्या संस्थेचे अध्यक्ष, विश्वस्त वा व्यवस्थापन समितीवर आहेत, त्या संस्थेला हा निधी देता येत नाही. नियम साधा आहे, कुटुंब त्यात आलेले आहे, आणि लाच झाली का हे विचारण्याची गरज त्यात नाही. हाच नियम गावापासून मंत्रालयापर्यंत सगळीकडे का नसावा?

कडक कायद्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा तालुक्यातील विचखेडे गावच्या महिला सरपंचाला गावातल्या काही जणांनी ‘सासूबरोबर सरकारी जमिनीवरच्या घरात राहते’ अशी तक्रार करून पदावरून काढायला लावले. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला पद परत दिले. ती वेगळ्या भाड्याच्या घरात राहते, हे तिचे म्हणणे कोणी नीट तपासलेच नव्हते. एका महिलेच्या हाताखाली कारभार चालतो हे काही गावकऱ्यांना सहन झाले नाही, असे न्यायालयाने स्पष्ट नोंदवले. कळंबा महाली आणि विचखेडे, कलम एकच: १४ (१) (ज-३). एकीकडे ते सार्वजनिक जमीन वाचवायला उपयोगी पडले, दुसरीकडे निवडून आलेल्या बाईला खाली खेचायला. निम्म्या जागा महिलांना राखीव असलेल्या राज्यात याचा विचार केलाच पाहिजे. नवऱ्याच्या अतिक्रमणाची आणि नवऱ्याच्या ठेक्याची किंमत बहुधा बायको मोजते, तर खऱ्या कारभाऱ्याला निवडणुकीला उभे राहण्याचीही गरज पडत नाही. म्हणून नुसत्या अपात्रतेवर सगळी भिस्त ठेवणे मला पटत नाही. अपात्रता म्हणजे फाशीची शिक्षा. ती इतकी जड आहे की अधिकारी ती द्यायला कचरतात आणि विरोधक ती मागायला आतुर असतात.

त्याआधीच्या पायऱ्या हव्यात. इंग्लंडने, जिथून आपण ते जुने वाक्य घेतले, ते वाक्य केव्हाच मागे टाकले आहे. तिथल्या २०११ च्या कायद्यानुसार प्रत्येक नगरसेवकाला निवडून आल्यापासून २८ दिवसांत आपले आर्थिक हितसंबंध नोंदवावे लागतात. त्यात जोडीदाराचे हितसंबंधही येतात. नोंदवही लोकांना पाहता येते. ज्या विषयात हितसंबंध आहे, त्या चर्चेत बसता येत नाही, मतही देता येत नाही, आणि जाणूनबुजून लपवले तर तो गुन्हा ठरतो. यात पद जात नाही, माणूस फक्त त्या विषयापुरता बाजूला होतो. पती ठेकेदार असलेली सदस्य पंचायतीत राहू शकते. पतीच्या बिलाचा ठराव आला की तेवढ्यापुरती बाहेर जाते, आणि ती बाहेर गेली हे इतिवृत्तात लिहिले जाते.

आपल्याकडे यासाठी शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. १६ फेब्रुवारी २०१८ च्या ‘लोकप्रहरी’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आमदार-खासदारकीच्या उमेदवाराने स्वतःच्या आणि कुटुंबाच्या उत्पन्नाचे स्रोत जाहीर करावेत आणि सरकारशी असलेले करारही सांगावेत. आता निवडणुकीच्या शपथपत्रात, म्हणजे नमुना २६ मध्ये, त्यासाठी रकाना आहे: उमेदवार, जोडीदार, अवलंबित, भागीदारी पेढी, खासगी कंपनी. आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराचे शपथपत्र आयोगाच्या संकेतस्थळावर असते. तो रकाना वाचायला पाच मिनिटे लागतात. वर्तमानपत्रे मालमत्तेचा आकडा छापतात. कराराचा रकाना मी फार क्वचित छापलेला पाहिला आहे.

गावासाठीही कागद उपलब्ध आहे. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर ग्रामपंचायतीने कोणत्या कामासाठी कोणाला किती पैसे दिले हे व्हेंडरच्या नावासह पाहता येते. दरपत्रके, मोजमाप पुस्तिका आणि मासिक सभेचे इतिवृत्त माहिती अधिकारात मागता येते. कलम १४ खालचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा असतो आणि त्यावर अपील अमरावतीला विभागीय आयुक्तांकडे जाते. अर्ज टिकायचा असेल तर नात्याचे वर्णन पुरत नाही. बिल, बँक खाते आणि सदस्य यांना जोडणारा धागा दाखवावा लागतो. सामाईक खाते, सदस्याच्या नावावरचे वाहन साहित्य वाहतुकीला लावलेले, दुकानाचा परवाना सदस्याच्याच घराच्या पत्त्यावर, असा एखादा ठोस कागद पन्नास तोंडी आरोपांपेक्षा जास्त वजनदार ठरतो.

आणि राज्य निवडणूक आयोगाला एक काम पुढच्या ग्रामपंचायत निवडणुकीआधी करता येईल. उमेदवाराच्या घोषणापत्रात गुन्ह्यांचा आणि मालमत्तेचा तपशील आज मागितला जातो. त्यात तीन रकाने वाढवावेत. पहिला: मी, माझा जोडीदार, आई-वडील, सासू-सासरे, भाऊ-बहिणी, मुले यांपैकी कोणी या पंचायतीची, पंचायत समितीची वा जिल्हा परिषदेची कामे घेतो का, साहित्य पुरवतो का. दुसरा: असल्यास नाव, फर्म, मागील तीन वर्षांतली रक्कम. तिसरा: मी वा माझे कुटुंब सध्या सरकारी जमिनीवर राहते का, राहत असल्यास गट क्रमांक. निवडून आल्यावर हे पान ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे आणि दर वर्षी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचून दाखवावे.